पोत्याच्या तोंडचा माल

आमच्या अनसिंगात छाती फक्त पुरुषांना असते. ते ती ठोकतात, फुगवतात, निवडणूक आली की पुढे काढून चालतात. बायकांना असतं ते 'तिथं'. तिथं दुखते, तिथं गाठ आली, तिथलं ऑपरेशन झालं. मी ब्लाऊज शिवणारी बाई. गावातल्या निम्म्या बायकांच्या 'तिथं'ची मापं माझ्या डोक्यात आहेत, त्यामुळे मला या शब्दाची कधी लाज वाटली नाही. टेप लावली की कोण किती श्वास आत ओढून उभी आहे, तेही मला कळतं. तर गाठ आली ती माझ्या छातीत, डाव्या बाजूला, आणि ती सापडली मलाच, स्वतःचा ब्लाऊज घालून टक्स नीट बसलेत का ते चाचपताना. टक्स नीट बसले होते.

घरात सांगितलं तेव्हा नवऱ्यानं पंख्याकडे पाहिलं. अडचणीचं काही निघालं की तो पंख्याकडेच पाहतो, आणि मग उठून भावाकडे जातो. भाऊ म्हणजे माझे भासरे, नवऱ्यापेक्षा मोठे. एकाच घराचे दोन भाग आहेत, ओसरी एकच. आमच्याकडे सून भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेते आणि भासरे सुनेशी थेट बोलत नाहीत. मी चहाचा कप घेऊन तीन फुटांवर उभी असले तरी ते नवऱ्याला सांगणार, "तिले मना, साखर कमी टाक." मग मी नवऱ्याला सांगायचं, त्यांना सांगा साखर संपतच आली आहे, काळजी करू नका. लग्न झाल्यापासून हे असं चाललंय. नवऱ्याची निम्मी हयात आमच्या दोघांतला टेलिफोन होण्यात गेली.

या भासऱ्यांची गावात ख्याती आहे ती सोयाबीनसाठी. पिकवण्यासाठी नाही, पोतं भरण्यासाठी. वाशीमच्या बाजारात व्यापाऱ्याचा माणूस परखी घेऊन येतो. परखी म्हणजे टोकदार लोखंडी नळी. ती पोत्यात खुपसायची, आतले दाणे तळहातावर घ्यायचे, पाहायचे, आणि त्यावरून अख्ख्या मालाचा दर्जा ठरवायचा. भासऱ्यांना परखी कुठे घुसणार हे आधीच ठाऊक असतं. तोंडाशी आणि बाहेरच्या कुशीला चाळलेले, पिवळेधमक दाणे; डागी, चिरडलेले, ओलसर ते पोटात. व्यापाऱ्यांनाही हे माहीत असतं. तरी शेतकरी भरतात, व्यापारी खुपसतात, दोघं एकमेकांना 'भाऊ' म्हणतात, आणि याला व्यवहार म्हणतात.

या व्यवहारात माझंही एक काम होतं. पोती भरण्याआधी ढिगात हात घालून दाणे ओले की सुके ते सांगायचं. बाजारात त्याला मशीन असतं, आमच्या ओसरीवर माझी बोटं होती. कापड चिमटीत धरलं की त्यात सूत किती आणि पॉलिस्टर किती ते मला न बघता कळायचं, तिथं सोयाबीनचं काय. भासरे भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "तिले विचार, वाळलं का." मी ढिगाला सांगायची, अजून दोन उन्हं दाखवा. माझ्या बोटांचा त्या घरात एवढा मान होता, बाकी माझा किती होता ते विचारू नका.

ऑपरेशन अकोल्याला झालं. गाठ काढली, तपासायला गेली, आणि रिपोर्टात लिहून आलं : ग्रेड दोन. डॉक्टर बाईंनी समजावलं की मायक्रोस्कोपखाली गाठीच्या पेशी कशा दिसतात, किती वेड्यावाकड्या झाल्यात, किती जणी दुभंगून वाढतायत, ते बघून ग्रेड देतात. एक म्हणजे हळू वाढणारी. तीन म्हणजे घाईची. आणि दोन म्हणजे, मी विचारलं. बाई म्हणाल्या, दोन म्हणजे मधली. मला हसूच आलं. रेडिमेड ब्लाऊजवर 'मीडियम' लिहिलेलं असतं ना, त्यातलाच प्रकार. मीडियम हे कुठल्याच बाईचं माप नसतं, तो शिवणाऱ्याचा आळस असतो.

गावाला मात्र दोन नंबर फार आवडला. शेजारीण म्हणाली, बरं झालं, तीन नाही आला. चुलत सासूबाई म्हणाल्या, एक आला असता तर कशाला एवढ्या दूर कापायला गेलो असतो, दोन आहे म्हणून तरी जाणं सार्थकी लागलं. एका नातेवाइकानं फोनवर अभिनंदन केल्यासारखा सूर लावला आणि मध्येच गांगरून म्हणाला, देव बरं करो. कोणीही कॅन्सर हा शब्द वापरला नाही, 'ते' म्हणाले. मला तिथं ते झालं होतं, एवढंच.

भासऱ्यांचं मात्र समाधान होईना. त्यांच्या हिशोबात एका व्यापाऱ्यानं भाव सांगितला आणि माल तिथंच ओतून दिला, असं होत नसतं. चार ठिकाणी दाखवायचा. त्यांनी गाठीच्या काचपट्ट्या घेऊन दुसरी लॅब गाठली, मग तिसरी. दुसरीनं सांगितलं तीन. तिसरीनं पुन्हा दोन. काच तीच, गाठ तीच, बाई तीच, आणि शिकलेल्या माणसांत एकमत नाही. भासरे खाटेवर बसून बोटांवर हिशोब करत होते, मग नवऱ्याला म्हणाले, तिघांचं मिळून सव्वादोन धरू. मी आतून ऐकत होते. सव्वादोन ग्रेडचा कॅन्सर असलेली वाशीम जिल्ह्यातली मी पहिलीच बाई असेन.

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मधल्या ग्रेडचं असं होतंच, एकाच्या डोळ्याला दोन दिसतं, दुसऱ्याच्या तीन. म्हणून आता डोळ्यावर न सोडता गाठीतली जनुकं तपासता येतात. मी विचारलं, ती काय वेगळी असतात का. त्या म्हणाल्या, शरीरातल्या पेशींत मुळात जनुकं तीच असतात, गाठीत त्यांत थोडी मोडतोड होते. पण ही तपासणी बघते ती कुठली जनुकं किती जोरात काम करतायत ते. पेशी वाढवणारी जनुकं जोरात चालू असली तर ही मधली गाठ खरं म्हणजे तिसरीच्या जातीची. मंद असली तर पहिलीच्या. मला हे लगेच पटलं. गल्लीत घरोघरी शिलाई मशीन आहे, पण काम कोणाकडे आहे ते मशीन बघून कळत नाही, दुपारी दाराशी उभं राहून आवाज ऐकावा लागतो. बाईंना माझं म्हणणं आवडलं असावं, कारण मग त्यांनी विचारलं, तुम्ही काम काय करता.

मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, आणि पुढचं जरा सावकाश बोलल्या. गाठ मंद निघाली तर गोळ्यांवर भागेल. घाईची निघाली तर सलाईनमधून केमो द्यावी लागेल, आणि त्यातल्या एका औषधानं बऱ्याच जणांच्या बोटांची टोकं बधिर होतात. बहुतेकांची परत येतात. सगळ्यांची येत नाहीत. खरं सांगते, 'कॅन्सर' हा शब्द ऐकून मला जेवढं भ्यायला हवं होतं तेवढी मी तिथं, त्या खुर्चीत, बोटांसाठी भ्यायले. केस जातील म्हणाल्या, त्याचं काही वाटलं नाही. केसांनी मी कधी काज केले नव्हते.

आता आपल्याकडची एक रीत बघा. गाठ डॉक्टरांनी काढायची, पण ती वाहायची नातेवाइकांनी. लॅबमध्ये गाठीचे तुकडे मेणात बसवून ठेवलेले असतात, प्लास्टिकच्या चौकटीतल्या छोट्या वड्या. प्रत्येक वडीवर नंबर. काही वड्या गाठीच्या, काही गाठीभोवतालच्या कडेच्या. कड स्वच्छ आहे ना, काही मागे राहिलं नाही ना, ते बघायला घेतलेल्या. डॉक्टर बाईंनी जनुकांच्या तपासणीला कुठल्या नंबरची वडी पाठवायची ते लिहून दिलं. भासऱ्यांनी सही करून सगळ्याच वड्या उचलल्या, सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि वाशीमहून कुरिअर करतो म्हणाले. ज्या माणसासमोर मी उभ्या जन्मात पदर ढळू दिला नाही, तो माझ्या छातीचे तुकडे खिशात घालून एसटीनं चालला होता, आणि तरी माझ्याकडे बघून 'जपून राहा' एवढं म्हणायची त्याला चोरी होती.

रिपोर्ट आला तो भासऱ्यांच्या मोबाइलवर. ते इंग्रजी जेवढ्यास तेवढं वाचतात, खताच्या पिशवीइतकं. त्यांना एक ओळ समजली : पाठवलेल्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. त्यांनी दुसरी ओळ वाचली नाही. बाजारात भाव मनासारखा आला की माणूस पुढचं ऐकत नाही, लगेच पैसे मागतो. ते थेट चौकात गेले आणि पेढे घेऊन आले. ओसरीवर माणसं जमली. मला हार घालायचं कोणाला सुचलं नाही हे नशीब. चुलत सासूबाई म्हणाल्या, त्यांनी केलेला उपास पावला. मी पण एक पेढा खाल्ला, आणि मला तो गोड लागला, हेही सांगून टाकते. दोन दिवस मी अगदी खुशीत मशीन चालवलं.

अकोल्याला डॉक्टर बाईंनी तीच ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा बदलला. दुसरी ओळ होती : नमुन्यात गाठच नसल्यामुळे तपासणी करता आली नाही. त्यांनी वडीचा नंबर पाहिला. तो कडेच्या वडीचा होता. स्वच्छ कडेच्या. हे कोणी पाठवलं, त्यांनी विचारलं. नवऱ्यानं पंखा शोधला, तिथं एसी होता. मग तो उठून बाहेर गेला. भासरे बाकावर बसले होते, हातात पेढ्यांचा पुडा, बाईंना द्यायला आणलेला. नवरा परत आला आणि कार्पेटकडे बघत मला म्हणाला, "तो म्हणते, खराब माल कायले दाखवाचा? चांगला होता तो पाठवला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी त्या खोलीत मोठ्यानं हसले. डॉक्टर बाईंना वाटलं मला रडू आवरत नाहीये, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. ऑपरेशनच्या रिपोर्टमध्ये वडीच्या नंबरापुढे 'कड स्वच्छ' असं वाचून भासऱ्यांनी वड्यांतली सगळ्यात चांगली वडी निवडली होती. जन्मभर परखी जिथं घुसणार तिथं पिवळेधमक दाणे ठेवणारा माणूस दुसरं काय करणार? त्यांनी व्यापाऱ्याला फसवलं होतं. फक्त यात व्यापारी कोणीच नव्हता, पोतंही मी आणि सौदाही माझाच.

हसू ओसरल्यावर मला राग आला, आणि तो अजून आहे. काचपट्ट्या घेऊन फिरण्यात, मग या चुकीच्या वडीत, ऑपरेशननंतरचे दिवस निघून गेले होते. बाई म्हणाल्या, आता थांबणं बरं नाही. दोन लॅबनी दोन सांगितलंय, एकीनं तीन. गाठ घाईची निघाली आणि आपण वाट बघत बसलो तर ते परवडणारं नाही. केमो सुरू करू, आणि खरी वडी आजच पाठवू. ती वडी मी माझ्या हातानं पाठवली. भासऱ्यांच्या खिशातून नवऱ्यानं काढून आणली, मी नंबर वाचला, पुन्हा वाचला, आणि कुरिअरवाल्यानं खोक्याला चिकटपट्टी लावेपर्यंत तिथून हलले नाही. मेणात एक करडा ठिपका दिसत होता. माझ्यातला खराब माल म्हणतात तो हाच, एवढंच मनात आलं.

दर आठवड्याला सलाईन लागायला लागली. केस गेले. जावेला त्याचं फार वाईट वाटलं, ती माझ्या डोक्याकडे बघून रडायची आणि मला तिला चहा करून द्यावा लागायचा. बोटांना आधी मुंग्या आल्या, मग टोकांशी काहीतरी जाड झाल्यासारखं वाटायला लागलं, जसं शिवताना बोटावर घालायचं अंगुस्तान चढवलं आहे आणि ते निघत नाही. मी रोज सकाळी कापडाचे तुकडे घेऊन डोळे मिटून ओळखायला बसायची. आधी वायल आणि कॉटन चुकायला लागले. मग सिल्कही. हे मी कोणाला सांगितलं नाही. ब्लाऊज घेत राहिले, मशीनवर शिवत राहिले, हुक आणि तुरपाई दिवसाउजेडी डोळ्यांनी बघून करत राहिले.

खऱ्या वडीचा रिपोर्ट आला त्या दुपारी मी एका लग्नाच्या मोतिया रंगाच्या ब्लाऊजची तुरपाई करत होते. नवऱ्याला अकोल्याहून फोन आला. गाठ मंद जातीची होती. वाढवणारी जनुकं शांत होती, अगदी पहिल्या ग्रेडच्या गाठीसारखी. केमोची गरज नव्हती. बाई म्हणाल्या आता ती थांबवू, गोळ्या सुरू करू. म्हणजे सुरुवातीलाच खरी वडी गेली असती तर एकही सलाईन लागली नसती. माझ्या पोत्याच्या पोटात जो माल होता तो चांगलाच होता. तो झाकायची काही गरज नव्हती.

नवरा हे सांगून ओसरीवर गेला आणि मला ब्लाऊजवर लाल ठिपके दिसले. तीन-चार, ओळीनं. सुई बोटात घुसत होती आणि मला कळलं नव्हतं. त्याच वेळी ओसरीवर भासऱ्यांचा आवाज आला. नवऱ्यानं त्यांना बातमी दिली होती. ते मोठ्या खुशीत म्हणत होते, "तिले मना, माल चांगला निंगाला. मी मनतच होतो."

मी तशीच उठले. डोक्यावर पदर नव्हता, केसही नव्हते. ब्लाऊज हातात धरून ओसरीवर गेले आणि त्यांच्या समोर उभी राहिले. नवरा मध्ये आला, त्याला सवय आहे. मी त्याला बाजूला केलं.

"भाऊजी," मी म्हणाले, "तुमी पाठवला त्या तुकड्याले काई झालं नव्हतं. झालं होतं ते मले."

ते खाली बघायला लागले. मी हात पुढे केला आणि बोट दाबून दाखवलं. रक्त आलं. दुखत नाही, मी म्हटलं. कापड कळत नाही, म्हटलं. त्यांनी लग्नापासून पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मध्ये कोणी नसताना मला म्हणाले, "मले भेव वाटलं. बुडातून काय निंगते, काय मालूम."

ते खोटं बोलत नव्हते. मला त्यांची दयाही आली, थोडी. पण दया आली म्हणून टोकं परत येत नाहीत. त्या नवरीला मी नवीन कापड घेऊन दुसरा ब्लाऊज शिवून दिला, आणि त्याची तुरपाई जावेनं केली, तिरपी. नवरी म्हणाली, मावशी, हात बसला नाही का या खेपेला. मी म्हटलं, बसेल.

गोळ्या चालू आहेत. केस आलेत, आधीपेक्षा कुरळे, गावातल्या बायका ते कुठल्या पार्लरात केले म्हणून विचारतात. बोटं थोडी आली आहेत, डाव्या हाताची जास्त. उजव्या हाताचं डॉक्टर बाई नक्की सांगत नाहीत. मीही आता विचारत नाही.

परवा सोयाबीन वाशीमला न्यायचं होतं. सकाळी भासरे ओसरीवर बसून दाभण आणि सुतळीनं पोत्यांची तोंडं शिवत होते. एकाचं तोंड अजून उघडं होतं, वरचे दाणे सोन्यासारखे. मी गेले, पदर कमरेला खोचला आणि पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. त्यांचं दाभण थांबलं. बुडाशी जाऊन मी मूठ भरली आणि वर काढली. दाणे बोटांत चोळले. ओले की सुके, मला काहीच कळलं नाही. पुन्हा चोळले. मग ती मूठ मी त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, तुमीच सांगा.

त्यांनी एक दाणा उचलून दाताखाली धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ओलं हाय."